पहिला इंच नसलेली टेप

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, मापे घेणारी. एके काळी मी पिवळीधमक होते, आता ते मलाच सांगावे लागते. माझ्या वरच्या कडेवर इंच छापले आहेत आणि खालच्या कडेवर सेंटिमीटर. नीट पाहिलेत तर माझी सुरुवात शून्यापासून होत नाही, एकापासून होते. माझा पहिला इंच जागेवर नाही. त्याने केवढा गोंधळ घातला, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

कारखान्यात आम्हा बहिणींना एका लांबलचक पट्ट्यातून साठ-साठ इंचांवर कापले आणि टोकांना पितळी टोप्या बसवल्या. एका तरुण शिंपिणीने मला विकत घेतले, त्याच दिवशी तिने घराच्या पुढच्या खोलीत दुकान थाटले होते. सगळे तिला शिंपीणताई म्हणत. दिवसभर मी तिच्या गळ्यात असे आणि काम संपले की आरशाशेजारच्या उंच खुंटीवर. मी जवळ आले की भले भले श्वास रोखून पोट आत ओढत. शिंपीणताई गालात हसे, पण आकडा नेहमी हळूच उच्चारी. कुणाचे माप चारचौघांत सांगू नये, असा तिचा नियम होता.

तिच्या मुलीला दात येत होते तेव्हाची गोष्ट. पोरीने माझे टोक चावून चावून टोपी सैल केली. ती टोपी गिळेल या भीतीने शिंपीणताईने पोरीच्या तोंडातून मला ओढले आणि टोपीसकट पहिला इंच कचकन कापून टाकला. नवी टेप घ्या, असे एक गिऱ्हाईक म्हणाले, तर ती म्हणाली, "एक वजा करायला काय शिकवणी लावायची आहे?" पुढची वीस वर्षे तिने मनातल्या मनात एक वजा केला. एकही कपडा बिघडला नाही. मला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे, त्यामुळे हा हिशेब दुसऱ्या कुणाला कळायचे कारणच नव्हते.

मग तिच्या उजव्या स्तनात गाठ सापडली. डॉक्टरांनी कर्करोग असल्याचे सांगितले. स्तन काढावा लागणार होता, काखेतल्या गाठीही. निघताना तिने मला खुंटीवर टांगले, दोन बोटे माझ्यावरून फिरवली आणि ती गेली.

ती परतली तेव्हा तिच्या कुशीतून जखमेतले पाणी काढणाऱ्या दोन नळ्या निघाल्या होत्या आणि त्यांच्या टोकांना बाटल्या होत्या. दुकानात काज-बटणे करणाऱ्या मावशींनी गणवेशाच्या उरलेल्या कापडातून त्या बाटल्यांसाठी दोन कप्प्यांची पिशवी शिवली आणि काखेत धरायला चिंध्यांची छोटी उशी केली. गल्लीतल्या बायकांनी पाळ्या लावल्या. एक डबा देई, एक कपडे धुई आणि एक नुसती येऊन बसे. शिंपीणताईचा नवरा बस चालवायचा. तो तिचे केस धुवायला शिकला. आणि तिची थोरली नणंद बॅग भरून राहायला आली. या दोघींचे कधी फारसे जमले नव्हते. नणंदेचा आवाज खणखणीत आणि शिंपीणताई मोजके बोलणारी.

एवढी माणसे झटत होती, पण शिंपीणताई कशातच नव्हती. तिने आरशावर उशीचा अभ्रा टाकला होता. जखमेची पट्टी बदलताना ती डोळे मिटून तोंड भिंतीकडे करी. उजव्या हाताची बोटे भिंतीवरून मुंगीसारखी वर चढवायची, असा व्यायाम दिला होता. ती खांद्यापर्यंत बोटे नेई आणि थांबे.

"अजून थोडं, वहिनी," नणंद म्हणायची.

"वर नेऊन काय करायचंय, वन्सं? दुकान बंद झालं म्हणून सांगा सगळ्यांना."

मी खुंटीवरून ऐकत होते. तिचा हात माझ्यापर्यंत पोचला नाही तर ती पुन्हा कात्री धरणार नाही, हे मला कळत होते. मला फार वाईट वाटे.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिच्या दोन्ही दंडांचा घेर कागदावर लिहून दिला होता. उजवा अठ्ठावीस सेंटिमीटर, डावा साडेसत्तावीस. उजवा दर आठवड्याला मोजायचा. दोनपेक्षा जास्त वाढला तर हातात पाणी साठतेय असे समजून ताबडतोब यायचे. पहिला आठवडा झाला आणि नणंदेने मला खुंटीवरून काढले. शिंपीणताईने डोळे मिटून हात पुढे केला.

"साडेतीस," नणंद पुटपुटली. तिने पुन्हा मोजले. साडेतीसच.

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर! नणंदेचा चेहरा उतरला. पण तिने आवाज चढवला, "वहिनी, चपला घाल. आत्ताच्या आत्ता." मावशी हातातली सुई तशीच पदराला खोचून धावल्या. मुलगी कामावरून आली, नवरा गणवेशातच आला. एका दंडासाठी पाच माणसे दवाखान्यात हजर झाली.

बाईंनी आपल्या टेपने मोजले. अठ्ठावीस.

"मी काय आंधळी आहे का?" नणंदेने मला पर्समधून बाहेर काढले. "हिने मोजा."

माझ्यावर साडेतीस भरले. बाई चक्रावल्या. त्यांनी मला लावून डावा दंडही मोजला, तर तो तीस.

"अगं बाई, हाही सुजला?" नणंदेने मला त्यांच्या हातातून ओढून घेतले.

तेव्हा कुठे शिंपीणताईने डोळे उघडले. "वन्सं, टेप कुठून धरलीत?"

"टोकापासून. मग काय मधून धरू?"

"तिला ते टोकच नाहीये. पहिला इंच मी वीस वर्षांपूर्वी कापलाय. या बाईसाहेबांच्या दातांपायी." तिने लेकीकडे बोट दाखवले.

मग आधी शिंपीणताईच हसली. टाके दुखू नयेत म्हणून उशी घट्ट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आजारपण सुरू झाल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. सगळे हसले, फक्त नणंद रडायला लागली.

"मला वाटलं, गेलीस तू आता हातातून."

शिंपीणताई तिच्याकडे वळली. "माझ्यासाठी एवढ्या घाबरलात?" मग तिने मला नणंदेच्या मुठीतून सोडवून घेतले. "पुढच्या वेळी आकडा मी बघेन. तुम्ही नुसतं टोक धरा."

घरी आल्यावर तिने आरशावरचा अभ्रा काढला. बराच वेळ ती स्वतःकडे पाहत उभी राहिली. मग नणंदेने माझे एक टोक धरले आणि शिंपीणताईने स्वतःच्या छातीचे माप घेतले, डावी बाजू वेगळी, उजवी सपाट बाजू वेगळी. दोन्ही आकडे तिने मोठ्याने सांगितले आणि मावशींनी लिहून घेतले. त्या मापांवर सदरा बेतला गेला, आजारानंतरचा तिचा पहिला.

त्यानंतर मी परत खुंटीवर गेले आणि ती रोज भिंतीवर बोटे पोचतील तिथे खडूची खूण करू लागली. नणंद म्हणाली, "तू टेप उतरवलीस की मी माझ्या घरी निघाले." लेकीने चकचकीत नवी टेप आणली, ती खणातच पडून आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या झिजलेल्या वस्तूला लगेच टाकून देऊ नका, पण तिची खोड मात्र घरात चारजणांना सांगून ठेवा. आणि तुमच्या घरी कुणी मोठ्या आजारातून उठत असेल, तर आपल्याला काय जमणार, असे म्हणत दारात उभे राहू नका. आत जा आणि दुसरे टोक धरा.

एका सकाळी खडूची खूण खुंटीला लागली. शिंपीणताईचा उजवा हात सावकाश वर आला, त्याने मला उतरवले आणि गळ्यात घातले. मागे नणंद बॅगेची चेन लावत होती. तो आवाज ऐकून शिंपीणताईने मला पुन्हा खुंटीवर टांगले.

"आज काही हात पोचत नाहीये, वन्सं," ती म्हणाली. "उद्या बघू."

नणंदेने सारे पाहिले होते. तिने बॅगेची चेन उघडली.