जाड दोरी

स्कॉटलंडात नर्स असलेल्या मेघनानं १९९६ साली बारामतीच्या एका ओळखीच्या हाती वडलांना, श्रीपतीआबांना, गळाची काठी पाठवली. दोन पुरुष उंच, दोन्ही हातांनी धरायची. सोबत नारिंगी दोरी.

दोरी बघताच आबांचं डोकं फिरलं. पुढचा पंधरा हात भाग चक्क जाड! पुढं दोरी बारीकच हवी, न्हायतर मासा बुजतो. उजनीच्या पाण्यावर केस पिकलेल्या माणसाला हे कुणी शिकवायचं? त्यांनी विळ्यानं जाड भाग कापला आणि त्याचं शेळीला दावं केलं. मग उरलेली दोरी फेकायला गेले, तर ती पायाशीच पडली. सात वेळा. त्याच रागात त्यांनी पत्र धाडलं : "तुजी काठी कुचकामी हाय. परत असलं काय पाठवू नगंस."

महिन्यानं तार आली. मेघना मोटारीच्या अपघातात गेली होती.

तारेनंतर आठव्या दिवशी तिचं पत्र आलं. "आबा, पुढचं जाड कापलंत ना? ती काठी त्या जाड भागाच्या वजनावरच दोरी फेकते. दवाखान्यातल्या काट्यावर तोलून, काठीला पेलेल अशीच निवडली होती मी. रागावू नका, मे महिन्यात येताना नवी आणते."

आबांनी शेळीच्या गळ्यातली दोरी सोडली, गाठ मारून जोडली आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून फेकली. दोरी सरसरत पार लांब गेली.

"मेघे, काठी लई चांगली हाय गं," ते पाण्याकडं बघत म्हणाले.

तिच्या हाती पडलेलं त्यांचं शेवटचं पत्र मात्र दुसरंच सांगत होतं.