हिरवं दिसलेलं शेत

नुकसानभरपाईची यादी वाचायला कमळाकर चावडीच्या पायरीवर उभा राहिला आणि आधी राजाबाई कुठे बसली आहे ते त्याने पाहून घेतलं. ती नेहमीसारखी खांबाला टेकून बसली होती. तेवीस वर्षांच्या कोतवालकीत त्याने दवंड्या दिल्या, साहेबांच्या पिशव्या उचलल्या, मोजणीची साखळी ओढली. पण नुसता कागद हातात धरून असा घाम त्याला कधी फुटला नव्हता.

मोरा बंदराच्या बाजूची ही खाडीकाठची शेती, नव्या शहराच्या आखणीतून कशीबशी सुटलेली. श्रावणातल्या अमावस्येच्या उधाणाने बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं आणि लावलेलं भात चार दिवसांत करपलं. सरकारी रीत कमळाकरला पाठ होती. पंचनामा होईपर्यंत शेताला हात लावू नका, मेलंय ते मेलेलंच दिसू द्या, असं तो घरोघर सांगत फिरला. सगळ्यांनी ऐकलं. त्याने स्वतःचा तुकडाही सडू दिला.

ऐकलं नाही ते एकट्या राजाबाईने. तिचं शेत त्याच्या शेताला लागून, आणि बांधाला पडलेली खांड दोघांच्या बरोबर समोर. विधवा बाई, एकटी कसणारी. कमळाकरने तिला परोपरीने समजावलं. चिखलाची पाटी डोक्यावर तशीच ठेवून ती म्हणाली, "उधान तुज्या सायबाची वाट बगनार हाय का? पुनवेला परत येल."

माहेरी आलेल्या लेकीला, सुचिताला, हाताशी धरून तिने खांड बुजवली. पावसाच्या पाण्याने शेत धुऊन काढलं, भावाकडची उरलीसुरली रोपं आणून लावली. पुनवेचं उधाण बांधावरून माघारी गेलं. त्यात कमळाकरचं शेतही वाचलं, पण त्यात वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तलाठी भाऊसाहेब पुनवेनंतर पाच दिवसांनी आले. चिखल म्हणून ते रस्त्यावरच छत्री धरून उभे राहिले. ते हिरवं कोणाचं, असं त्यांनी विचारलं. कमळाकरने नाव सांगितलं. मग तिचं नुकसान कुठे आहे, म्हणून त्यांनी पुढचं पान उलटलं. मुळाशी खार आहे, हे भात नुसतं उभं राहील, दाणा धरणार नाही, हे कमळाकरला लख्ख ठाऊक होतं. पण बोलावं तर शेजारचा तुकडा तसाच सडत का सोडला, हा प्रश्न आलाच असता. तो तुकडा त्याचा होता. त्याने तोंड मिटून घेतलं.

दिवाळीनंतर राजाबाईच्या हाती फोलपटं आली.

आता तो एकवीस नावं वाचत होता. राजाबाईचं त्यात नव्हतं. चौदावं त्याचं स्वतःचं. ते वाचताना आवाज खाली गेला तेव्हा कुणीच त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माणसं पांगली. राजाबाई तशीच बसून होती.

"झाली यादी?"

"झाली, काकी. तवा मी बोलाय पायजे होतं."

"तुजंबी प्वाट हाय," ती म्हणाली. "परवा पुनव हाय. खांडीची माती अजून बसली नाय. पाटी घेऊन ये. मना एकटीला आता होत नाय."

गुडघ्यावर हात ठेवून ती उठली आणि बांधाच्या वाटेला लागली. यादी भिंतीला लावायची राहिली होती. कमळाकर खळीची वाटी घेऊन उभाच राहिला, आणि बोटांवरची खळ वाळून गेली.