नदीकडे पाठ करून बसलेले बाकडे

मी एक सिमेंटचे बाकडे आहे. वय फार नाही, पण महापुरात बुडून निघाल्यामुळे जुने दिसते. मित्रांनो, कृष्णेच्या काठी, सांगलवाडीच्या बाजूला एक बाग आहे. तिथे मी असते. समोर नदी आणि नदीपलीकडे सगळी सांगली.

थांबा. चुकले.

समोर रस्ता. उसाच्या ट्रॉल्या. भजीचा गाडा.

नदी माझ्या पाठीमागे.

असे कसे झाले

आष्ट्याजवळ एका शेडमध्ये मला साच्यात ओतले. बरेच दिवस पाणी मारले. मग ट्रकमध्ये पाय वर करून इथे आणले. बागेचे उद्घाटन होते. व्यासपीठ रस्त्याच्या कडेला बांधले होते, म्हणून माझे तोंडही व्यासपीठाकडे केले. भाषणे झाली, फीत कापली, मंडप उतरला, पाहुणे गेले.

मी तसेच राहिले.

पाठीमागचे

(हा भाग मी पाहिलेला नाही. नुसता ऐकलेला आहे.)

"त्यो बघ गणपतीचा कळस."

"पुलावर दिवे लागलं रं."

"लय झ्याक दिसतंय गाव! हितनं बघितलं की वाटत न्हाई, आपण तितं ऱ्हातो म्हणून."

लोक माझ्या पाठीला टेकून फोटो काढत. त्यांच्या बोलण्यातून मी माझी सांगली रचली. त्यात पूल कधी कळसाच्या वर जाई, कधी खाली. दुरुस्त करायला कोणी नव्हते.

पूर

पाणी माझ्या डोक्यावरून गेले. कुंपण गेले, रोपे गेली, झोपाळा गेला. मी हलले नाही. सयाजी, म्हणजे बागेचा राखणदार, येईल त्याला कौतुकाने सांगू लागला, "ह्याचं पाय खाली काँक्रिटात हायती. हलवायचं तर क्रेन लागंल!"

काँक्रीट कुठले? मी नुसत्या मुरुमावर ठेवलेले आहे. फक्त जड आहे. पण शाबासकी एवढी मिळाली, की खाली वाकून कोणी पाहिलेच नाही. आणि ती शाबासकीच माझ्या आड आली.

शर्यत

नदीत होड्यांची शर्यत होती. काठावर ही गर्दी. दीपमाला नावाची एक बाई आपल्या शेजारणीला, महेजबीनचाचींना, स्कूटरवर घेऊन आली. चाचींचा नातू शाहरुख पहिल्यांदाच शर्यतीत वल्हे मारणार होता. चाचींचे गुडघे दोन मिनिटे उभे राहू देत नाहीत. त्या माझ्यावर बसल्या आणि समोर बघतच राहिल्या.

"दीपमाला, ह्याचं त्वांड रस्त्याकडं का गं?"

"आवं चाची, पहिल्यापासनं असंच हाय."

"मग मी काय ट्रॉल्या बघू? माझा शाहरुख ट्रॉलीत बसलाय व्हय?"

खुर्ची शोधली. सगळ्या खुर्च्या बक्षिसाच्या मंडपात, पाहुण्यांच्या खाली.

"मोबाइलवर दावते की."

"मोबाइलवर रोज दिसतोय त्यो. मला खरा बघायचाय."

दीपमालाचा भाऊ जयराज सैन्यातून सुट्टीवर आला होता. तो माझ्याभोवती एक फेरी मारून सयाजीला म्हणाला, "हे फिरवायचं."

"आरं, काँक्रीट हाय खाली! सरकारी बाकडं हाय!"

"मामा, कवा बघितलंसा?"

जयराज वाकला. बोटांनी मुरूम उकरला. आणखी उकरला. पाय संपला.

मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडावेसे वाटले.

"मामा, काँक्रीट कुटं हाय?"

सयाजीने बाह्या वर केल्या. "सर बाजूला. बाग माझी हाय, पयलं म्या धरणार."

तिकडे शिट्टी झाली. होड्या सुटल्या.

"चला रं! जोर लगाके!"

भजीवाला हात पुसत आला. ट्रॉलीवरचा ड्रायव्हर उडी मारून आला. मी उचलले गेले.

झाडाचे खोड सरकले.
कठडा सरकला.
पाठी, पाठी, लोकांच्या पाठी.

"ओ म्होरचं, बसा की खाली!" सयाजी असा ओरडला, की सगळा काठ मटकन खाली बसला.

आणि

नदी.

नदीपलीकडे उन्हात न्हालेली सांगली. घाट, घाटावर माणसेच माणसे. कळस कळसाच्या जागी. पूल पुलाच्या जागी. त्यांच्या मागे उंच इमारती, टॉवर, आणि तेवढ्या सगळ्यावर एकच पिवळा उजेड. माझ्या मनातली सांगली हिच्यापुढे अगदीच किरकोळ होती!

चाचींना बसवले. दोन होड्या पुढे होत्या, नाकाला नाक लावून. एकीत शाहरुख.

"वड रं! वड शाहरुख, वड!" त्या हातातली पिशवी माझ्यावर आपटत होत्या. मग आपटणे थांबले. वजनही गेले.

चाची उभ्या होत्या. कठड्याला धरून, गुडघे विसरून, ओरडत.

शाहरुखच्या होडीने वीतभर पुढे राहून शेवटची खूण ओलांडली. त्याने मान वर करून काठ शोधला, आजी दिसली, आणि ओले वल्हे आभाळाकडे उचलले. सयाजीने जयराजला मिठी मारली.

बाकडे मांडणाऱ्या मोठ्या माणसांना, मित्रांनो, माझे एवढे सांगा: पाहुणे गेल्यावर एकदा त्याच्यावर बसून बघा. समोर काय दिसते ते बघा. चुकले असेल तर चार माणसे बोलवा.

ज्यांच्यासाठी मला फिरवले, त्या शेवटपर्यंत काही बसल्या नाहीत. मी रिकामे होते, आणि माझ्यासमोर सगळी सांगली टाळ्या वाजवत होती.