वायरींची मोळी

पाऊस आला की दादांची गाडी वाटेत बंद पडायची आणि माझ्या गॅरेजात आणली की शहाण्यासारखी चालायची. दादा म्हणजे माझे वडील, चाळीस वर्षं मेकॅनिक. गॅरेजही मुळात त्यांचंच. त्यामुळे त्यांच्या गाडीचं बॉनेट उघडताना मी दहादा विचार करायचो.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. हॉस्पिटल पार दुसऱ्या टोकाला, भेटायची वेळ चार ते पाच. तीन दिवस दादा निघाले आणि तिन्ही दिवस रस्त्यातच अडकले. टॅक्सीने जा म्हटलं की तोंड फिरवायचे. मेकॅनिकने भाड्याच्या गाडीतून उतरायचं म्हणजे त्यांच्या लेखी नाक कापून घेणंच. काल फोनवर आई मला म्हणाली, "त्यांना सांग, नका येऊ. मला असं पडलेलं बघवत नसेल त्यांना." तेव्हापासून मला काही सुचत नव्हतं.

आज साडेतीन वाजले तरी तेच. बाहेर धो धो, आत गाडी कोरडी ठणठणीत. दादा बाहेर छपराखाली येरझाऱ्या घालत होते आणि दर दोन मिनिटांनी डोकावून, झालं का, म्हणून विचारत होते. सकाळपासून मी प्लग बदलले, कॉइल तपासली, प्लगच्या वायरी जिथून निघतात ती डिस्ट्रिब्युटरची कॅप पुसली. शेवटी डोकंच फिरलं. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घरातून आणली, इंजिन चालू ठेवून त्यावर फवारली आणि अंधार करायला शटर खाली ओढलं.

इंजिन थरथरायला लागलं. प्लगच्या वायरींमध्ये निळ्या ठिणग्या तडतडत होत्या. चारही वायरी काळ्या टेपने मोळीसारख्या गच्च बांधलेल्या. जुनाट वायरी त्या, ओल धरली की एकीचा करंट दुसरीत जात होता.

ती बांधणी मी ओळखली. इंजिन नीटनेटकं दिसावं म्हणून दादा नेहमी तशीच बांधायचे, आणि वायरी लोंबत्या ठेवल्या म्हणून मी त्यांची कितीतरी बोलणी खाल्ली होती. आई तीन दिवस दाराकडे डोळे लावून पडली ती यांच्या टेपमुळे! मला त्यांचा राग आला आणि लगेच कीवही आली.

टेप कापली, वायरी सुट्या केल्या, पुसल्या, पुन्हा पाणी मारलं. इंजिन एका सुरात चालत राहिलं. मी शटर वर केलं आणि बेधडक सांगून टाकलं की कॅपला तडा गेला होता, बदलली.

दादा आत आले, वाकले आणि त्यांनी सुट्या वायरींवरून बोट फिरवलं.

"कॅप मी सकाळीच बघितली होती," ते म्हणाले. "चांगली होती."

चारला दहा मिनिटं कमी होती. आजवर कुणाला न दिलेली गाडीची किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

"चल लवकर," ते म्हणाले. "आणि आईसमोर कॅपचं नाव काढू नकोस. काय झालं ते मीच सांगणार आहे तिला."