वगळलेली वाट

"न्हाई वळणार ते तसं." राजारामनं पडद्यावर बोट टेकवलं. "माल न्हाई, मोकळं जहाज हाय. पाण्यावर लय उंच राहतंय. वारं त्याला कुटंबी ढकलतंय."

"काका, कम्प्युटर म्हणतोय वीस मिनिटांत धक्क्याला लागेल," वीरधवल म्हणाला.

"त्याला कुटं वारं लागतंय?"

कुपवाडच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपच्या माडीवर हे ऑफिस होतं. बंदरात शिरलेलं जहाज पुढं कसं वळेल, हे कम्प्युटरला आधीच सांगता यावं, म्हणून जुन्या जहाजांच्या वाटा त्याला शिकवायच्या, हे इथलं काम. वीरधवल तिथला मुख्य इंजिनिअर. राजारामची मुलगी आम्रपाली त्या वाटा निवडून द्यायची. दुष्काळी माण तालुक्यातून पोटासाठी बाहेर पडलेल्या राजारामनं एकतीस वर्षं एका बंदरात टगवर, म्हणजे मोठी जहाजं दोरानं ओढणाऱ्या बोटीवर, सुकाणू धरलं होतं. जाणकार माणूस हवा म्हटल्यावर तिनंच त्याला आणलं. तीन आठवडे तो जीव तोडून सांगत होता आणि तीन आठवडे वीरधवल "नोट करून घेतो" म्हणत होता.

"चौदा सालची, आखाडातली एक वाट काढ गं," राजाराम वैतागून म्हणाला. "दावतोच ह्यास्नी."

आम्रपालीनं शोधलं. तारीख बघून तिचा हात थांबला.

"आबा, ती मीच काढून टाकली."

"का?"

"लय वेडीवाकडी हुती. तसल्या वाटा काढायला सांगितल्यात."

राजाराम खुर्चीत बसला. त्या दिवशी मोकळं जहाज वाऱ्यानं फिरलं, दोर ताणून तुटला आणि चाबकासारखा दादासोच्या छातीवर बसला. दादासो टगवरचा खलाशी. एकोणीस वर्षं दोघं एका ताटात जेवले होते. तेव्हा सुकाणू राजारामच्याच हातात होतं.

"परत घाला ती वाट."

"काका, दहा हजारांत एक. तिच्यापायी बाकीचे अंदाज बिघडतात."

"बिघडू द्या की! ह्या मशीनवर भरवसा ठिवून उद्या कुणीतरी दोरापाशी उभा राहणार हाय!"

"मला कळतंय. पण वरून ठरलंय. आजच हे काम पुढं पाठवायचंय."

वीरधवल वाईट नव्हता. त्यानं चहा मागवला. चहावर साय धरली तरी राजारामनं कप उचलला नाही. मग वीरधवलनं हळूच एक कागद पुढं सरकवला. 'जाणकाराने तपासले' असं लिहून खाली सहीला जागा होती. राजारामनं पेन परत सारलं.

"सही न्हाई. उद्यापासनं मी येत न्हाई."

"आबा..."

"तुझी नोकरी तू कर, बाय."

तो उठला. आम्रपालीसमोर वगळलेल्या वाटांची यादी उघडी होती, प्रत्येकीपुढं कारणाचा रकाना.

"आपल्या वाटंपुढं काय लिवलंस?"

"अपवाद."

"खोड त्ये."

तिनं वीरधवलकडं पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. नको म्हणाला नाही.

"काय लिहू?"

"दोर तुटला. दादासो खलाशी गेला."

ती टाईप करता करता थांबली. "दादासोचं दादासाहेब लिहू? रीतसर?"

"नगं. त्याला कुणी कवा सायेब म्हनलं न्हाई."

शेवटचं अक्षर उमटेपर्यंत राजाराम टोपी हातात धरून उभा राहिला.