सासूबाईंच्या कपाटाला दोन कॉम्प्रेसर

सुतारानं नवा कॉम्प्रेसर घरी आणला तेव्हा बायकोनं एकच विचारलं, "भाऊजींना विचारलंत का?"

भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, सुताराचे साडू. त्यांचं टायरचं दुकान. त्यांना वेगळं काय विचारायचं? खरेदीच्या वेळी सोबत होते आणि न विचारताच म्हणाले होते, "अरे, हेच मशीन माझ्याकडे आहे. टायरला ठीक. नुसत्या दाबाच्या आकड्याला भुलू नकोस, मिनिटाला हवा किती देतं ते बघ. तुझी पॉलिश फवारायची गन याला पिऊन टाकेल." त्यावर सुतार चारचौघांत म्हणाला, "टायर फुगवणाऱ्यानं मला पॉलिश शिकवू नये." त्या दिवसापासून दोघांचं बोलणं "बरंय ना?" आणि "बरंय" एवढ्यावर आलं होतं.

आता सासूबाई कायमच्या राहायला यायच्या होत्या, त्याही उद्या सकाळी. थोरल्या जावयाचं कौतुक त्या उठता-बसता करत. धाकट्याच्या कामात मात्र त्यांना हटकून काहीतरी सापडे. टेबल डुगडुगतं, स्टुलाचं कुसळ टोचतं. म्हणून त्यानं त्यांच्या खोलीसाठी जीव ओतून दोन दारांचं कपाट केलं होतं. त्यांच्या तोंडून एकदा तरी "छान" ऐकायचं, एवढीच त्याची इच्छा. ब्रशनं पॉलिश केलं तर रेघा राहिल्या असत्या. म्हणून गन आणि म्हणून कॉम्प्रेसर.

पहिलं दार अर्ध्यापर्यंत असं उतरलं की मदतीला आलेला गडी शीळ घालायला लागला. तेवढ्यात गन खोकली. टाकीतली हवा संपत आली होती. मशीन जिवाच्या आकांतानं धडधडत होतं, तरी गनला पुरत नव्हतं. धुक्यासारख्या फवाऱ्याऐवजी थेंब उडायला लागले आणि दाराचा खालचा भाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत झाला. थांबावं तर वरचं वाळून जोड दिसणार, चालू ठेवावं तर खालचं आणखी बिघडणार. इकडे आड, तिकडे विहीर! शेवटी त्यानं गनचा कागद आणि मशीनच्या पाठीवरची पट्टी शेजारी-शेजारी धरून वाचली. गन मागत होती त्याच्या निम्मीच हवा मशीन देत होतं.

बायकोनं दारावरून नजर फिरवली. "आई म्हणेल, नक्षी बरी काढलीये."

त्यानं दार घासून पुन्हा कोरं केलं, हात धुतले आणि टायरच्या दुकानाची वाट धरली. अडला हरी, असं तो मनात म्हणाला खरा, पण म्हणीचा पुढचा भाग म्हणायची त्याची हिंमत झाली नाही.

"दादा, माझा एकटा पुरत नाही. तुमचा जोडीला दिलात तर होईल."

साडूंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग हवा भरायला आलेल्या स्कूटरवाल्याला "उद्या या" म्हणाले आणि मशीनची वायर काढली. हातगाडी ढकलताना कोपऱ्यापर्यंत त्यांनी स्वतःला आवरलं. कोपऱ्यावर मात्र राहवलं नाही.

"सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं. आणि मी नको ते बोललो, दादा."

"बोललास खरं. पण टायर फुगवतो हे काय खोटं आहे?" आणि साडू इतके हसले की हातगाडी वाकडी गेली.

दोन्ही नळ्या एका जोडणीत घालून त्यातून एकच नळी गनला दिली. दोन्ही मशीनं एकाच बोर्डावर लावताच घरभर अंधार झाला आणि आतून बायकोनं दोघांचाही उद्धार केला. मग एकाची वायर स्वयंपाकघरातून आणली. आता हवा काही केल्या संपेना! दार वरपासून खालपर्यंत एका दमात झालं, पाठोपाठ दुसरंही. साडू दोन्ही मशीनच्या दाबाच्या काट्यांवर डोळे लावून "येऊ दे, येऊ दे" म्हणत होते, जसा काही ट्रकच मागे घेत होते.

सकाळी सासूबाई आल्या. कपाटावरून बोट फिरवलं, बाजूनं पाहिलं, वाकून खालूनही पाहिलं.  मग त्या तिथेच उभ्या असलेल्या थोरल्या जावयाकडे वळल्या.

"तुम्हीच केलंत ना हे?"

"छे, आई. हात यांचा. मी नुसता काटे बघत बसलो होतो."

 सासूबाई दारासमोर उभ्या राहिल्या आणि त्या चकाकीत पाहून केस सारखे केले. मान वळवून अंबाडाही बघून घेतला. समोरच्या भिंतीवर चांगला आरसा होता, पण तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. सुताराला इतका आनंद झाला की हसावं की रडावं कळेना.

"जावईबापू," त्या त्याला म्हणाल्या, "माझी खाटसुद्धा अशीच करून टाका."

बाहेर येऊन सुतारानं विचारलं, "दादा, तुमचा कॉम्प्रेसर गाडीवर चढवू?"

"राहू दे इथेच. खाट व्हायचीय ना?"

"आणि दुकानात हवा?"

"हातपंप आहे की," साडू पोटावर हात फिरवत म्हणाले. "तुझी मेहुणी तर खूशच होईल."