हिलालचा श्वास

“सिस्टर, ट्यूब काढा आणि तुम्ही पण निघा,” डॉक्टर भूपेंद्रभाई गाडीची किल्ली बोटावर फिरवत म्हणाले. “सुरतेत प्लेग पसरलाय. आजपासून हॉस्पिटल बंद.”

सुधाने व्हेंटिलेटरकडे पाहिलं. नवागाम वस्तीतला लूम कामगार हिलाल परवापासून त्यावर होता. झोपेत मण्यार चावली होती. अंग लुळं, पापण्याही उघडत नव्हत्या. पण विष उतरलं की तो नक्की उठेल, असं डॉक्टरांनीच काल त्याच्या बायकोला, चंचलला, सांगितलं होतं.

“सर, ट्यूब काढली तर मरेल तो!”

“सिव्हिल हॉस्पिटलला न्यायला सांगा. नाही पोचला, तर प्लेगमध्ये कोण विचारतंय?”

“हळू बोला, सर. त्याला सगळं ऐकू येतंय.”

“मलाही बायको-पोरं आहेत,” म्हणत ते जिना उतरले. मागोमाग आया गेल्या, वॉचमन गेला.

थोड्या वेळाने फोन वाजला. सुधाचा नवरा प्रभाकर स्टेशनवरून बोलत होता. “मंदारला कडेवर घेऊन थांबलोय. लवकर ये.”

“तुम्ही पुढे व्हा.”

“सुरतेत तू एकटीच नर्स आहेस का?”

“या खोलीत एकटीच आहे.”

तिने फोन ठेवला. दारात चंचल उभी होती.

“तुम्ही बी जाशात का, ताई? मी कोठे लई जाऊ यास्ले?”

“मी इथंच आहे. तू तोंडाला पदर बांध आणि माझ्याजवळ थांब.”

संध्याकाळी वीज गेली. जनरेटरच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली डॉक्टरांच्या गाडीत, केव्हाच गावाबाहेर. सुधाने नळीला रबरी फुगा जोडला आणि दाबू लागली. तिचे हात भरून आले की चंचल दाबायची. एक श्वास, पुन्हा एक श्वास. डॉक्टरांना गाडीतून ओढून फरफटत इथं आणावं, असं सुधाला वाटत होतं. तोंडातून मात्र ती एवढंच म्हणत होती, “हिलालभाऊ, आम्ही आहोत हं.”

वीज आली, पुन्हा गेली. चौथ्या दिवशी हिलालने बोट हलवलं, मग हळूहळू तो स्वतःहून श्वास घेऊ लागला. सिव्हिलमधला एक थकलेला तरुण डॉक्टर सुधाच्या ओळखीखातर येऊन नळी काढून गेला.

भीती ओसरल्यावर भूपेंद्रभाई परतले. “शाबास, सिस्टर! पेपरवाल्यांना बोलावतो. आपलं हॉस्पिटल एक दिवसही बंद नव्हतं, असं सांगायचं.” मग हिलालपुढे हात करून म्हणाले, “केम भाई, बरं वाटतं ना?”

हिलालचा घसा अजून बसलेलाच होता. “मी समदं ऐकी ऱ्हायंतू,” तो म्हणाला.

“काय म्हणतो हा?”

“तो म्हणतो,” सुधा एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “त्याला सगळं ऐकू येत होतं.”

डॉक्टरांचा हात तसाच पुढे राहिला. हिलालने चंचलकडे चपला मागितल्या, पायात सरकवल्या, आणि भिंतीला धरून, थांबत थांबत, तो दाराकडे चालू लागला.